सासऱ्यांचा हॉर्न

फ्रेंच हॉर्न वाजवणं हा माझा छंद नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला फक्त त्याचे व्हॉल्व्ह मोकळे ठेवायचे होते. पुढे त्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले, सरकारी कचेरी आली, एक दंतवैद्य आले आणि जे यायला नको होते तेही आले. पण सुरुवात व्हॉल्व्हपासून झाली, आणि ती मी अत्यंत शुद्ध हेतूने केली होती.

सासरे गेल्यावर काही महिन्यांनी सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. बरोबर कपड्यांची बॅग, औषधांचा डबा आणि एक काळी, पोट सुटलेली पेटी. पेटीत सासऱ्यांचा हॉर्न. हे वाद्य ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुणीतरी लांबच लांब पितळी नळी घेतली, ती ठेवायची कुठे हे सुचेना म्हणून गोल गोल गुंडाळली, आणि शेवटी कंटाळून टोकाला परातीएवढं तोंड बसवून दिलं, की झाला फ्रेंच हॉर्न. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर बसतो. नळी म्हटली की मला आधी गळती दिसते. सासऱ्यांना मात्र त्या नळीत सगळं जग दिसायचं. आठवडाभर बँक, रविवारी हॉर्न, असं त्यांचं आयुष्य गेलं.

"विकून टाकू तो," बायको म्हणाली. "आई नुसती त्या पेटीकडे बघत बसते."

सासूबाई खरंच बघत बसायच्या. घरात आल्यापासून त्यांनी 'हो' आणि 'नको' हे दोनच शब्द वापरले होते आणि त्यातला 'हो' जवळजवळ कोराच शिल्लक होता. जेवण दोन घासांवर आलं होतं. तिसऱ्या घासाला ताट सरकवायच्या.

मी हॉर्न घेऊन वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने तो हातात घेतला, व्हॉल्व्हच्या चाव्या दाबून पाहिल्या आणि डॉक्टर रिपोर्ट बघून करतात तसा चेहरा केला. "गिऱ्हाईक मिळेल. पण मिळेपर्यंत रोज फुंकत जा. वापर नसला की व्हॉल्व्ह धरतात. एकदा धरले की याची फुलदाणी करा."

"रोज पाच मिनिटं फुंकलंत तर तुमचं काय झिजणार आहे?" बायको म्हणाली. लग्नानंतर आजवर तिने ज्या ज्या कामाची सुरुवात या वाक्याने करून दिली, त्या प्रत्येकात माझं काही ना काही झिजलेलं आहे.

पहिल्या दिवशी मी फुंकलं तर नुसती हवा गेली. दुसऱ्या दिवशी असा आवाज आला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गरम पाण्याची पिशवी पाठवून दिली. पोटावर ठेवायला सांगा म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोहण्याच्या मास्तरांनी जिन्यात अडवून, हवा पोटातून काढायची, छातीतून नाही, असं सांगितलं आणि पोट दाखवायला शर्टही वर केला. समोरच्या बिऱ्हाडातल्यांनी काही सल्ला दिला नाही. त्यांनी दार लावून घेतलं. एकूण सगळ्यांचं मत असं पडलं की माणूस वाईट नाही, पण घरात काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

हॉर्न धरायचीही एक रीत असते. डावा हात चाव्यांवर आणि उजवा हात त्या परातीएवढ्या तोंडात, आत, मनगटापर्यंत. हात आत गेला की सूर गडद होतो, बाहेर आला की उजळ होतो. हे मी पेटीतल्या एका जुन्या चित्रावरून शिकलो होतो. चित्रातला माणूस हसत होता. त्याला काही अनुभव नसावा.

त्या दिवशी सुट्टी होती. दुपारचे चार वाजले असतील. ऊन खिडकीतून फरशीवर पडलं होतं, बायको बाजारात गेली होती, सासूबाई खुर्चीत पेटीकडे बघत बसल्या होत्या. पेटी रिकामी होती तरी. मी हॉर्न मांडीवर घेतला, उजवा हात आत घातला, आणि आत कुणीतरी माझी बोटं नीट केली.

मी हे शक्य तितकं साधेपणाने लिहितो आहे, कारण ते तितक्याच साधेपणाने घडलं. कुणी हात धरला नाही की ओढला नाही. दोन गार बोटांनी माझा अंगठा इतर बोटांना चिकटवला, तळहात थोडा वाकवला आणि मनगट जरा बाहेर सरकवलं. घाई नाही, राग नाही. 'तुम्हाला एवढंही कळत नाही' इतकाच त्या स्पर्शाचा अर्थ होता, आणि तो अर्थ मी चांगला ओळखत होतो. सासरे माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. ते फक्त दुरुस्त करायचे. मी टॉवेल वाळत घातला की ते येऊन त्याची टोकं जुळवायचे. मी छत्री मिटली की ती पुन्हा उघडून पुन्हा मिटायचे. एक शब्द न बोलता, दोन बोटांनी.

माझी फुंकर भीतीने आपोआप सुटली. आणि सूर आला.

तो सुरू झाला असं म्हणवत नाही. तो खोलीत आधीपासून होता आणि आम्हाला आत्ता ऐकू आला, असं वाटलं. खालचा, गडद, सपाट नाही पण शांत. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं.

सासूबाईंनी मान वळवली. "आलात?"

"मी इथेच होतो की, आई," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

सासरे गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्यांनी उच्चारलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. त्या संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या.

मग रोज वाजवणं आलंच. बायको खूश, कारण आई बोलायला लागली. ती हॉर्नशी बोलते आहे, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. सासूबाई हॉर्नच्या तोंडासमोर खुर्ची ओढून बसत आणि "अहो, ऐकलंत का," अशी सुरुवात करत. सवयीने मी 'काय?' म्हणायचो आणि त्या माझ्याकडे, फोनवर बोलताना मध्ये तोंड घालणाऱ्याकडे बघावं तशा बघायच्या. मी वाजवलेलं वाकडं गेलं की म्हणायच्या, "जावईबापू, जरा बाजूला व्हा." चांगलं गेलं की, "अजून तस्सेच वाजवतात." म्हणजे बेसूर तेवढा माझा आणि सूर तेवढा सासऱ्यांचा. कचेरीतही पाणी आलं तर खात्याची कृपा आणि नाही आलं तर तक्रारीच्या टेबलावरचा माणूस नालायक, त्यामुळे मला या वाटणीची सवय होती. पण घरी?

आणखी एक गोष्ट होती, जी मी कुणाला सांगितली नाही. हॉर्न वाजवताना श्वासातल्या वाफेचं आत पाणी होतं. ते मधूनमधून नळी उलटीपालटी करून काढून टाकायचं असतं. मी पाच मिनिटं वाजवायचो आणि वाडगा अर्धा भरायचा. एवढी वाफ माझ्या फुप्फुसांत नाही. पाण्याचा हिशेब हा माझा धंदा आहे. आवकेपेक्षा जावक जास्त दिसली की आमच्याकडे सरळ अर्थ असतो: मुख्य वाहिनीला दुसरीकडून कुणीतरी जोडलेलं आहे.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. दारातच उभे राहून म्हणाले, "वाद्याबद्दल वैयक्तिक माझं काही नाही. पण सोसायटी ही भावनांवर चालत नाही. आवाजाची परवानगी आणा."

आवाज नियंत्रणाच्या कचेरीत मी रजा टाकून गेलो. खिडकीपलीकडच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कशाची परवानगी?"

"हॉर्नची."

"गाडीचा नंबर?"

"गाडी नाही."

"गाडी नाही आणि हॉर्न आहे?"

"तो तोंडाने वाजवायचा हॉर्न आहे."

आता त्यांनी मान वर केली. "बिघडलाय का?"

मी हातवारे करून नळी, गुंडाळी, परात सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी स्वतः खिडकीच्या त्या बाजूला बसणारा माणूस असल्याने ते कधी ऐकणं थांबवतात तो क्षण मला अचूक दिसला. शेवटी त्यांच्या नियमात जे बसत होतं ते त्यांनी मला दिलं: 'थांबलेल्या अवजड वाहनाचा हॉर्न, घरगुती वापराकरिता, दिवसा.' शिक्का गोल आणि सुबक होता. सेक्रेटरींनी तो उजेडात धरून पाहिला आणि समाधानाने म्हणाले, "असं रीतसर असलं की बरं असतं." तेव्हापासून इमारतीत मला 'ट्रक' म्हणतात.

अशाच एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात एक बाई उभ्या होत्या. हातात गुंडाळलेला नकाशा, खांद्याला शाळेची पिशवी, चेहरा पांढराफटक.

"मी खालून चालले होते," त्या म्हणाल्या. "वर कोण वाजवत होतं?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हा प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारला नव्हता. मी किंचित झुकून म्हणालो, "मीच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही?" मग माझ्या खांद्यावरून त्यांना सासूबाई दिसल्या आणि त्यांनी जिन्याचा कठडा धरला.

त्या भूगोलाच्या बाई. दर रविवारी त्यांच्या शाळेत, भूगोलाच्या वर्गात, हॉर्नवाल्यांची एक चौकडी जमायची. पहिला हॉर्न बाईंचा, दुसरा एका दंतवैद्यांचा, तिसरा एका विमा एजंटांचा आणि चौथा, सगळ्यात खालचा, सासऱ्यांचा. सासरे गेल्यापासून चौथी खुर्ची रिकामी होती आणि तिघं जण वरवरचं काहीतरी वाजवून घरी जात होते.

"तुम्ही आता जे वाजवत होता ते कुठे शिकलात?" बाईंनी विचारलं.

"असंच, बोटं जातील तसं."

"ते गेले तेव्हा आम्ही जो तुकडा बसवत होतो, त्यातला चौथ्याचा भाग आहे हा. पहिल्यापासून. तो एकट्याने कुणी वाजवत नाही." त्यांनी पुन्हा आत सासूबाईंकडे पाहिलं. "आणि सूर त्यांचा आहे."

रविवारी मला नेण्यात आलं. मी गेलो असं म्हणत नाही. सासूबाई सकाळीच तयार होऊन बसल्या होत्या, त्यांना नेलं, आणि हॉर्न उचलायला कुणीतरी हवं म्हणून मला.

हॉर्नवाल्या माणसांत जगातली सगळी भांडणं एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: सूर गडद हवा की उजळ? दंतवैद्य गडदवाले. त्यांचं म्हणणं, हॉर्न जाड पडद्यामागून ऐकू आल्यासारखा वाटला पाहिजे. उजळ सूर त्यांना दवाखान्यातल्या दात कोरण्याच्या यंत्रासारखा लागे आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना तो नको होता. एजंट उजळवाले. सूर घासलेल्या भांड्यासारखा लखलखला पाहिजे. गडद सूर म्हणजे माणूस उशीत तोंड खुपसून रडतोय. वाजवायचं काय यावरही तेच. एजंटांना शिकारीच्या धडाकेबाज चाली हव्यात. दंतवैद्य म्हणत, "दर रविवारी हरीण मारायलाच पाहिजे का?" दंतवैद्यांना संथ, खोल, लांबलचक असं काही हवं. एजंट म्हणत, "दर रविवारी कुणाला तरी पोचवायलाच पाहिजे का?" दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. शेजारी बसून बाईंमार्फत बोलत. "बाई, त्यांना सांगा हात जरा आत घाला." "बाई, त्यांना सांगा हात माझा आहे."

मी वाजवलं आणि दोघंही एकदम गप्प झाले.

"तेच," दंतवैद्य म्हणाले. "तोच गडदपणा."

"गडद कसला?" एजंट म्हणाले, पण हळू आवाजात. "ती आतली लकाकी ऐका." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही उजवा हात कसा ठेवता?"

"मी ठेवत नाही," मी म्हणालो. खोटं बोलायची सवय नाही मला. त्यांना वाटलं मी गुपित राखतोय.

त्या तुकड्याला नाव होतं, पण ते परक्या भाषेत होतं आणि तिघं ते तीन तऱ्हांनी उच्चारायचे. फार संथ. चौथ्या हॉर्नला त्यात एक छोटीशी ओळ पुन्हा पुन्हा यायची, तीन सूर, खालून वर जाणारे. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तालमीहून घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "ऐकलंत का काय म्हणतात ते?"

"काय?"

"येतेस ना?"

मी हसलो. घरी येऊन ती ओळ पुन्हा वाजवली आणि माझं हसू मावळलं. ये-तेस-ना. ती ओळ मला पुन्हा कधी दुसरी कशी ऐकू आली नाही. बायकोच्या हातातून चमचा पडला. तिनेही ऐकलं होतं.

"आयुष्यभर असेच," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "मी आतल्या खोलीत केस विंचरतेय आणि हे दारात चप्पल घालून उभे. येतेस ना, येतेस ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅग भरली. दोन साड्या, चष्मा, शाल. बॅग पलंगाखाली न ठेवता दाराशी ठेवली. कुठे जायचंय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांचा तो तुकडा एकदा पुरा वाजू दे. अर्धवट टाकून निघायचा त्यांचा स्वभाव नाही. मग निघू आम्ही."

बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटलं आणि नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "बंद करा ते," ती म्हणाली. "बाबा गेले ते गेले. आई मला हवी आहे."

मी हॉर्न पुसला, पेटीत ठेवला, कपाटावर चढवला. दोन दिवस घर शांत होतं. सासूबाई पुन्हा 'नको' वर आल्या. तिसऱ्या दिवशी कचेरीतून परत येताना जिन्यात सेक्रेटरी भेटले. त्यांनी चक्क माझा हात हातात घेतला. "आजचं मात्र मानलं बरं का. माझ्या मिसेसच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज असं का नाही वाजवत?"

"कधी?" मी विचारलं.

"आत्ता, दुपारी."

दुपारी मी कचेरीत एका माणसाला त्याच्या नळाला पाणी का येत नाही याचं कारण सांगत होतो. बायको तिच्या नोकरीवर होती. मी वर धावलो. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. हॉर्न त्यांच्या मांडीवर होता, तोंड वर करून, झोपलेल्या मांजरासारखा.

"तुम्ही वाजवला, आई?"

"मला कुठे येतंय? मी नुसता मांडीवर घेतला."

कपाटावरची ती पेटी मला स्टूल घेऊनही जेमतेम काढता येते. मी हॉर्न हातात घेतला. पितळ गरम होतं, कुणीतरी तासभर धरून बसल्यासारखं. मी नळी उलटी केली. वाडगा भरून वाहिला. आणि एवढ्या सगळ्यात माझ्या मनाला जे सगळ्यात जास्त लागलं ते सांगायला मला लाज वाटते: सेक्रेटरींनी माझी पहिली आणि एकुलती एक स्तुती केली, ती मी घरात नसताना.

न वाजवून काही थांबणार नव्हतं, हे त्या दिवशी आम्हाला दोघांनाही कळलं. सकाळी बायको म्हणाली, "वाजवा मग तो पुरा तुकडा, बाईंच्या वर्गात कार्यक्रम ठेवून. पण मी आईच्या शेजारी बसणार, आणि तिचा हात सोडणार नाही."

"तिथे डॉक्टर असतील," मी धीर दिला.

"दातांचे," ती म्हणाली.

त्यानंतरच्या तालमींना सासूबाई जात राहिल्या, बॅगेसकट; तुकड्याचा शेवट तेवढा आम्ही कार्यक्रमासाठी राखून ठेवला होता. मात्र आता त्या नुसत्या ऐकत नव्हत्या. एकदा दंतवैद्यांनी 'बाई, त्यांना सांगा' म्हणताच सासूबाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, "शेजारीच तर बसलेत, तुमच्या तोंडानेच सांगा की." वर्षानुवर्षांत कुणी हे सुचवलं नव्हतं. दोघं इतके गोंधळले की त्या दिवशी प्रत्यक्ष बोलून भांडले, आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पुढच्या रविवारी एजंटांनी त्यांनाच विचारलं, "आज कसा लागला आमचा सूर?" त्या म्हणाल्या, "डोळ्यांवर येतोय उजेड." दंतवैद्य खुलले. "आणि तुमचा," त्या म्हणाल्या, "खिडकी उघडा म्हणावंसं वाटतं." बाई त्यांना आल्या आल्या खुर्ची द्यायला लागल्या. पण निघताना बॅग हातात असायचीच, आणि ती ओळ वाजली की त्यांची मान हलायची: हो, हो.

कार्यक्रम रविवारी सकाळी, भूगोलाच्या वर्गातच ठेवला. भिंतींवर नकाशे, कपाटावर एका बाजूने चेपलेला पृथ्वीगोल, बाकांवर आमच्या इमारतीतले सगळे. काकू होत्या, पोहण्याचे मास्तर होते, सेक्रेटरी सपत्नीक होते. पहिल्या बाकावर सासूबाई, मांडीवर बॅग. शेजारी बायको, तिने आईचा दंड दोन्ही हातांनी धरलेला.

सुरुवात केली. मी उजवा हात आत घातला, आणि आतला हात तयारच होता. यावेळी त्याने माझी बोटं नीट केली नाहीत. नुसती धरली. गार, घट्ट.

तुकडा संथ होता, पण मला तो भराभर संपत चालल्यासारखा वाटला. ये-तेस-ना. पुढे दंतवैद्य. ये-तेस-ना. वर एजंट, त्यावर बाई. शेवटी तिघं एकेक करून थांबतात आणि चौथा हॉर्न एकटा एक खालचा सूर धरून ठेवतो, तो विरेपर्यंत. बाई थांबल्या. एजंट थांबले. दंतवैद्य थांबले. मी सूर धरला.

माझा श्वास संपला. सूर संपला नाही.

मी ओठ बाजूला केले. सूर चालूच. माझ्या तोंडापासून हॉर्न चांगला वीतभर दूर होता आणि वर्ग त्या आवाजाने भरून गेला होता. नकाशांच्या खालच्या काठ्या भिंतीवर खटखटायला लागल्या. कपाटावरचा पृथ्वीगोल हळूहळू फिरू लागला. लोक भारावून ऐकत होते. त्यांना वाटलं हॉर्न असाच वाजवतात. फक्त आम्ही चौघं बघत होतो. एजंटांच्या कपाळावर घाम होता. दंतवैद्य माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत होते.

सासूबाई उठल्या. बायकोने धरलेला दंड त्यांनी हळूच सोडवून घेतला, एकेक बोट करून. बॅग उचलली. पुढे आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हॉर्नच्या तोंडात हात घातला. माझ्या हातावरून, त्या दुसऱ्या हातावर. कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. सूर किंचित वर चढला, प्रश्न विचारावा तसा.

"अहो," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे."

सूर थरथरला.

"नाही, वाट नका बघू. मला अजून वेळ लागेल. मला इथे जरा बरं वाटायला लागलंय. ह्या दोघांचं भांडण कुठवर जातं तेही बघायचंय." त्यांचा आवाज ओला झाला. "जा. तुकडा पुरा झाला तुमचा. छान झाला. मी येईन माझी माझी."

सूर लगेच थांबला नाही. तो कमी कमी होत गेला. खोलीतून, मग दारातून, मग पटांगण ओलांडून कुठेतरी लांब गेला आणि मग तो ऐकू येतोय की आठवतोय हे कळेनासं झालं. माझ्या बोटांवरचा गारवा ओला हातमोजा काढावा तसा निघाला. आत फक्त माझाच हात होता, घामेजलेला, आणि त्यावर सासूबाईंचा हडकुळा, उबदार हात.

मग टाळ्या पडल्या. सेक्रेटरी उभे राहून टाळ्या वाजवत होते. बायको पुढे आली आणि आईला मिठी मारून लहान मुलीसारखी रडली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्या दंतवैद्यांकडे बघत होत्या. दंतवैद्य अजून खुर्चीतच होते, हॉर्न गुडघ्यांवर, रंग उडालेला.

सासूबाईंनी बॅग खाली ठेवली आणि त्यांच्यापाशी गेल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "दातांची नवी कवळी केली तर किती टिकते?"

"नीट वापरली तर..." दंतवैद्य कसेबसे म्हणाले, "दहा वर्षं."

"दहा?" सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "त्याहून टिकाऊ नाही का एखादी?"